रस्त्यावरचा पेहराव टिपताना

फॅशन कशी बदलते हे समजून घेण्यासाठी पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर उभे राहून पेहरावाच्या नोंदी करण्याची तुमची सुरुवात योग्यच आहे. मात्र ‘सध्या सैल पँट चालते’ एवढ्यावर नोंद थांबवू नका. १९७० च्या दशकातील बेलबॉटम, २०१० च्या आसपासची स्किनी जीन्स आणि आजची बॅगी पँट एका ओळीत मांडली, की घेर वाढतो, आटतो आणि पुन्हा वाढतो हे दिसते. पण परतलेली वस्तू जशीच्या तशी परतत नाही, म्हणून कापड, कंबरेची उंची आणि ती घालणाऱ्याचे वय यांत काय बदलले, ते आवर्जून लिहा.

खणाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. कर्नाटकातील गुळेदगुड्डच्या मागांवर विणला जाणारा हा खण पिढ्यान्‌पिढ्या चोळीपुरता होता. अलीकडे त्याची अख्खी साडी, कुर्ता, इतकेच काय पिशवीही होते. वरच्या वर्गाने नवे स्वीकारावे, इतरांनी अनुकरण करावे आणि मग वरच्यांनी ते टाकून द्यावे, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०४ मध्ये मांडले होते. खणाचा प्रवास मात्र उलटा, ग्रामीण घरातून शहरी समारंभाकडे झालेला आहे.

दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी मोजणी करा आणि साधा पेहराव केलेल्यांनाही मोजा, अन्यथा प्रमाण चुकेल. दिवाळीतील नोंदी वेगळ्या ठेवा. परवानगीवाचून कोणाचेही छायाचित्र घेऊ नका.