पिशवीतून सुटणारी धूळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बंगल्याच्या गॅरेजमध्ये माझं छोटं सुतारकाम चालतं. टेबल सॉ, बँड सॉ आणि 1 एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर आहे. भुसा तो चांगला ओढतो. पण एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेली फळी) कापलं की दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या सीटवर बोटाने नाव लिहावं एवढी पूड दिसते. सूनबाईंच्या मते ती आतल्या जिन्यापर्यंत येते. कापडी पिशवी काढून ‘हेपा’ फिल्टर लावला तर भागेल का? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : सूनबाईंचं निरीक्षण बरोबर आहे. हेपाने मात्र भागणार नाही, उलट आज जे नीट चाललंय तेही बिघडेल.

सीटवर दिसते ती खाली बसलेली पूड, म्हणजे त्यातल्या त्यात सज्जन. केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). 10 मायक्रॉनचा कण स्थिर हवेत पाच-सहा मिनिटांत मीटरभर खाली येतो. 1 मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर उतरायला सात-आठ तास लागतात, आणि फुप्फुसात खोलवर जातो तो हाच. मशीन बंद करून, मास्क उतरवून तुम्ही चहा घ्यायला बसता तेव्हा तो तुमच्या नाकासमोरच तरंगत असतो. लाकडाच्या धुळीला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 साली पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. एमडीएफला बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि फॉर्मल्डिहाइडही आता त्याच यादीत आहे. त्यामुळे तुमची काळजी अनाठायी नाही.

आता हेपा का नको ते पाहू. 1 एचपीच्या मशीनच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापतात तो पाइप, पिशवी काहीही न लावता मोजलेला असतो. चार इंची पाइप जोडून प्रत्यक्षात मिनिटाला 10 घनमीटर हवा मिळाली तरी नशीब म्हणायचं. तुमची पिशवी धरा 40 सेंटिमीटर व्यासाची आणि 80 सेंटिमीटर उंच. म्हणजे कापड झालं साधारण 1 चौरस मीटर. दर चौरस मीटरमधून मिनिटाला 10 घनमीटर हवा रेटायची, तर बारीक पूड कापडात थांबेल कशी? ती आरपार जाते. आता त्याच जागी तेवढ्याच आकाराचा, पण 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर बसवा. हवेची वाट अडली की पाइपातली ओढ मरते, आणि जी धूळ आज निदान पिशवीपर्यंत पोचते ती करवतीपाशीच सुटते. फिल्टरमागची हवा स्वच्छ आणि तुमच्यासमोरची घाण, असा उफराटा कारभार.

म्हणून कापड आधी मोठं करायचं, बारीक नंतर. 10 चौरस मीटर कापड मिळालं तर दर चौरस मीटरमधून मिनिटाला 1 घनमीटरच हवा जाते. तेवढ्या संथ वेगात बारीक फिल्टरही अडत नाही आणि धूळही थांबते.

एवढं कापड कुठून आणायचं? परदेशी मशीनचे तयार कॅनिस्टर महाग पडतात. आपल्याकडे पावडर कोटिंगच्या बूथमध्ये घडीचे कार्ट्रिज, म्हणजे घड्या घातलेले नळकांडी फिल्टर, वापरतात. 325 मिलिमीटर व्यासाचं आणि 600 ते 660 मिलिमीटर उंचीचं माप सर्रास मिळतं. भोसरी, चाकण, सातपूर, अंबड अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळ फिल्टरवाले असतातच. दुकानदाराला उंची सांगून थांबू नका, ‘मीडिया (म्हणजे गाळणारं कापड) किती चौरस मीटर’ ते विचारा. बाहेरून सारखीच दिसणारी दोन कार्ट्रिज घड्यांच्या संख्येमुळे क्षेत्रफळात बरीच वेगळी निघतात. कागदी मीडिया घेऊ नका, पॉलिस्टर स्पनबाँड (न विणलेलं पॉलिस्टर कापड) घ्या. त्यावर पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) पातळ थर असेल तर उत्तमच, पूड घडीत न रुतता झटकन सुटते.

इथे एक मेख आहे. हे कार्ट्रिज बाहेरून आत हवा घेण्यासाठी बनवलेलं असतं, धूळ बाहेरच्या अंगाला बसते. तुमच्या मशीनवर पिशवीच्या जागी ते नुसतं उलटं ठेवलं तर हवा आतून बाहेर जाईल, पूड घड्यांच्या आतल्या बेचक्यांत ठासून बसेल आणि पीटीएफईचा थर चुकीच्या बाजूला राहील. त्यापेक्षा 18 मिलिमीटर प्लायची, आतून 50 सेंटिमीटर चौकोनी पेटी करा. कार्ट्रिज वरच्या झाकणाला आतून टांगा, तोंड वर. ब्लोअरची हवा पेटीच्या बाजूने आत सोडा, आणि आत शिरल्या शिरल्या तिच्या वाटेत प्लायचा एक तुकडा आडवा ठेवा, म्हणजे झोत थेट घड्यांवर आदळणार नाही. स्वच्छ हवा कार्ट्रिजच्या तोंडातून वर निघून जाते, धूळ खाली ट्रेमध्ये पडते. ट्रे काढायला दार ठेवालच, त्याला चारही बाजूंनी फोमची गॅस्केटपट्टी आणि दोन टॉगल क्लिपा लावा. सुतारकाम तुम्हाला येतंच, फॅब्रिकेटरच्या मागे लागायची गरज नाही.

हे सगळं करण्याआधी एक रात्र टॉर्च घेऊन बसा. गॅरेजचे दिवे घालवा, एमडीएफचा एक तुकडा कापा आणि टॉर्च पिशवीच्या मागे अशी धरायला सांगा की बल्ब पिशवीआड राहील आणि तुम्ही उजेडाच्या दिशेने पाहाल. एरवी न दिसणारी पूड धुरासारखी दिसू लागते. माझ्या माहितीतल्या बऱ्याच मशीनांत ती कापडातून कमी आणि पिशवी आवळणाऱ्या पट्ट्याखालच्या फटीतून जास्त निघते. तसं असेल तर ड्रमच्या कडेला फोमपट्टी चिकटवून पट्टा पुन्हा आवळा. निम्मा त्रास तिथेच मिटला तर कार्ट्रिज सावकाश घ्या.

फिल्टर कधी साफ करायचा हे अंदाजाने ठरवू नका. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी दीड मीटर घ्या आणि फळीवर इंग्रजी यूसारखी ठोका. अर्धी पाण्याने भरा, पाण्यात शाईचे दोन थेंब टाका. एक टोक पेटीला भोक पाडून घट्ट बसवा, दुसरं उघडं सोडा. मशीन चालू केलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यात जो फरक पडतो तो फिल्टरचा अडथळा. 25 मिलिमीटर म्हणजे साधारण 250 पास्कल. पहिल्या दिवशीच्या फरकावर पेन्सिलने रेघ मारून ठेवा, दुप्पट झाला की सफाई.

तोवर फिल्टरला हात लावू नका. दर रविवारी पिशवी अंगणात नेऊन काठीने बडवायची सवय अनेकांना असते. नव्या कोऱ्या कापडातून सगळ्यात जास्त पूड सुटते, कारण वर बसलेला धुळीचा पातळ थरच खरं गाळायचं काम करतो. तो बडवून काढला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

राहिली गोष्ट हवा बाहेर सोडण्याची. थंड देशांतले लोक फिल्टरच्या मागे लागतात कारण हिवाळ्यात खोलीतली ऊब बाहेर घालवणं त्यांना परवडत नाही. नाशिकमध्ये ती अडचण नाही. गॅरेजची मागची भिंत मोकळ्या जागेकडे असेल तर खाली भुशाचा ड्रम ठेवून उरलेली हवा सरळ बाहेर काढा, फिल्टरचा प्रश्नच संपला. फक्त शटर वीतभर उघडं ठेवा म्हणजे आत हवा येत राहील, आणि त्याच जागेत गॅस गिझर असेल तर हा उद्योग करूच नका, त्याचा धूर उलटा आत ओढला जाईल. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची दोरी असेल तर मात्र पेटीच बरी.

प्रश्न : मी फ्लॅटच्या बाल्कनीत फक्त ऑर्बिटल सँडर चालवते. त्याला घरचा वेट अँड ड्राय व्हॅक्यूम जोडला आहे. फिल्टर सारखा चोंदतो. बादलीवर बसवायचा सायक्लोन घेऊ का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घ्या, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. हवा गरागरा फिरवून जाड भुसा तो बादलीत पाडतो. सँडरची पूड मुळातच वस्त्रगाळ असते, तिच्यातला सगळ्यात बारीक भाग सायक्लोनला चकवून पुढे जातोच. तुमच्या कामाला व्हॅक्यूममधली फ्लीसची (न विणलेल्या मऊ कृत्रिम कापडाची) पिशवी जास्त उपयोगी पडेल. तीही कागदी नको, कागदी लवकर चोंदते आणि फाटते. पिशवीमागच्या फिल्टरच्या जागी त्याच कंपनीचा हेपा मिळत असेल तर इथे जरूर लावा. व्हॅक्यूमची ओढ डस्ट कलेक्टरपेक्षा कितीतरी जोरकस असते आणि हवा थोडी, त्यामुळे त्याला तो अडथळा झेपतो. पॉलिश पेपरची भोकं सँडरच्या पॅडवरच्या भोकांवर बरोबर बसली आहेत ना तेही पाहा. ती सरकली असतील तर पुढचं काहीच चालत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात फिल्टरला कुबट वास येतो. धुऊन टाकू का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : कागदी असेल तर धुऊ नका, फेकून द्या. पॉलिस्टर असेल तर आधी आतून बाहेर हवेने झटका. कंप्रेसरचा दाब 2 बारच्या आसपास, नोझल वीतभर लांब, काम अंगणात आणि तोंडावर एन-95. मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. तुमच्याकडच्या जुलैत त्याला आठवडाही लागेल, म्हणून धुणं मे महिन्यात उरका. ओला भुसा ड्रममध्ये रात्रभर ठेवू नका, वास बहुधा तिथूनच येत असेल.