अयुत्थयाचा दीड दिवस: आधी स्टेशन नक्की करा, मग देवळं

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आई-बाबांना घेऊन बँकॉकला चार दिवस, त्यातला मंगळवार थायलंडची जुनी राजधानी अयुत्थया बघण्यासाठी, सकाळी रेल्वेने जायचं, संध्याकाळी परत यायचं. हॉटेल हुआ लाम्फोंग स्टेशनजवळ घेतलंय, कारण बुकिंगवाल्यांनी सांगितलं की अयुत्थयाच्या सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात. हेच वाक्य आम्हालाही एका बुकिंग ऑफिसने ठामपणे ऐकवलं होतं. गाडी भलत्याच स्टेशनवरून सुटली, तिकिटाचे पैसे गेले आणि अख्खी सकाळ वाया गेली. पैशांपेक्षा सकाळ गेल्याचं दुःख जास्त, कारण अयुत्थयात सकाळच मोलाची असते.

व्हिसा, करन्सी, सिमकार्ड वगैरेंवर लिहीत नाही, ते तुम्ही पाहिलंच असेल. एकच सांगतो: 1 मे 2025 पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स आहेत, तिथे कार्ड नंबर देऊ नका.

आता स्टेशन. 19 जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या रॅपिड आणि एक्सप्रेस गाड्या क्रुंग थेप आफिवत या नव्या स्टेशनवरून सुटतात. हुआ लाम्फोंगला उरल्या त्या साध्या आणि लोकल गाड्या. म्हणजे तुमच्या बुकिंगवाल्यांचं अर्धंच खरं आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. क्रुंग थेप म्हणजे थाई भाषेत बँकॉकच. त्यामुळे कुणी तिकिटाकडे बघून 'बँकॉक स्टेशन' म्हणालं तर त्यातून काहीच कळत नाही. भर म्हणून नव्या स्टेशनला लागून असलेल्या मेट्रो स्टेशनचं नाव तिसरंच आहे, बांग सू, आणि बरेच टॅक्सीवालेही तेच नाव वापरतात.

तेव्हा आधी गाडीचा प्रकार बघा, मग तिकिटावर सुटण्याचं स्टेशन अक्षर न् अक्षर वाचा. हॉटेल बदलायची मुळीच गरज नाही. हुआ लाम्फोंगहून मेट्रोची निळी लाइन थेट बांग सूला जाते, प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. पण नव्या स्टेशनचं आवार अवाढव्य आहे. वयस्कर माणसं बरोबर असताना मेट्रोतून बाहेर पडून फलाटापर्यंत पोचायला आणखी अर्धा तास धरा. गाडी 8 ची असेल तर हॉटेलमधून पावणेसातला निघा.

साध्या गाडीच्या थर्ड क्लासचं तिकीट 15-20 बाथ असतं, आरक्षण नसतं, खिडकीवर ऐन वेळी मिळतं. त्यासाठी एजंटला दोन-तीनशे बाथ देऊ नका. गाडीत पंखे आणि उघड्या खिडक्या असतात. दीड ते दोन तास लागतात, उशीरही होतो. आई-बाबांना ते झेपणार असेल तर मला हा प्रवास एसी व्हॅनपेक्षा कितीतरी आवडतो. झेपणार नसेल तर रॅपिड किंवा एक्सप्रेस घ्या. जाता जाता: विमान डॉन म्युआंगला उतरत असेल तर बँकॉक शहरात शिरूच नका. विमानतळासमोरच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून अयुत्थया तासाभरावर.

दुसरा मुद्दा मंगळवारचा. थायलंडची राष्ट्रीय संग्रहालयं बहुतेक सोमवारी-मंगळवारी बंद असतात, आणि चाओ साम फ्राया संग्रहालय न बघता अयुत्थया बघणं म्हणजे, माझ्या मते तरी, अर्धंच बघणं. कारण सांगतो. वाट राचाबुराना (वाट म्हणजे मंदिर-विहार) याच चाओ साम फ्राया राजाने 1424 मध्ये बांधलं. गादीसाठी हत्तीवरून लढताना त्याच्या दोन्ही थोरल्या भावांनी एकमेकांना मारलं होतं, त्यांना अग्नी दिला त्याच जागी. 1957 साली चोरांनी या देवळाच्या मुख्य शिखराखालचं तळघर फोडलं. नंतर सरकारी उत्खननात उरलेलं सोनं सापडलं आणि ते ठेवायला हे संग्रहालय 1961 मध्ये उघडलं. खड्यांनी मढवलेला वीतभरही नसलेला सोन्याचा हत्ती तिथे आहे, सोंड वर करून गुडघे टेकून बसलेला. झुलीवरचं नक्षीकाम काचेला नाक लावून बघावं असं आहे. आधी देवळात त्या तळघराच्या खड्या जिन्याने उतरून धूसर भित्तिचित्रं बघायची आणि मग संग्रहालयात सोनं, हा क्रम ठेवा. जिना फार उभा आणि अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर आई-बाबांना वरच थांबू द्या.

जमत असेल तर मंगळवारचं बुधवार करा. आणि एक रात्र तिथेच राहा, यावर मी जरा हट्टी आहे. बँकॉकहून निघणाऱ्या डे-टूर तुम्हाला अकराच्या सुमाराला अवशेषांत सोडतात आणि तीनला परत उचलतात. म्हणजे उन्हाचे सगळ्यात वाईट चार तास. विटांचे उघडे चौथरे, सावली जवळजवळ नाही, एप्रिलमध्ये तर बघायलाच नको. मुख्य अवशेष सकाळी 8 ला उघडतात. 8 ते साडेदहा फिरा, दुपार संग्रहालयात किंवा खोलीवर काढा, चारनंतर पुन्हा बाहेर पडा.

स्टेशन नदीच्या पूर्वेला आहे आणि जुनं शहर तीन नद्यांनी वेढलेल्या बेटावर. स्टेशनसमोरच्या गल्लीतून धक्क्यावर गेलं की काही बाथमध्ये होडी पलीकडे सोडते. धक्क्यावर पायऱ्या आहेत, त्यामुळे आई-बाबांसाठी सरळ टुकटुक (इथली रिक्षा) करा, ती पुलावरून फिरून येते. इथल्या टुकटुकचं नाक बेडकासारखं असतं, लगेच ओळखू येईल. तासाला 200 ते 300 बाथ, भाव आधी ठरवा, आणि कुठे-कुठे थांबायचं ते नकाशावर बोट ठेवून दाखवा. नाहीतर टुकटुकवाला तुम्हाला हत्तीवर बसवतात तिथे नेईल. हत्तीवर बसू नका, ही माझी कळकळीची विनंती.

सकाळी वाट महाथात आधी घ्या. झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक तिथलंच, आणि नऊनंतर तिथे रांग लागते. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या मस्तकापेक्षा वर नको. शिर तुटलेल्या मूर्तीच्या मागे उभं राहून स्वतःचं डोकं बसवायचं तर अजिबात नाही. 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने शहर जाळलं आणि नंतरच्या काळात चोरबाजारासाठीही मस्तकं कापून नेली गेली. तिथल्या लोकांसाठी ती जखम आहे. राचाबुराना समोरच, रस्ता ओलांडला की. मग टुकटुकने वाट फ्रा सी सानफेत: तीन चेदींची (स्तूपांची) रांग, राजवाड्याचं देऊळ, बँकॉकच्या एमराल्ड बुद्ध मंदिराची कल्पना इथूनच घेतलेली. शेजारच्या मोंगखोन बोफितमध्ये प्रचंड काशाचा बुद्ध आहे, तिथे पूजा चालते, गुडघे-खांदे झाकलेले हवेत. बाबा हाफ पँट घालणार असतील तर पिशवीत एक लुंगी टाका.

संध्याकाळी पाण्यापलीकडचं वाट चायवत्थनाराम. 1630 मध्ये बांधलेलं, कंबोडियाच्या ख्मेर धाटणीचं. सूर्य मागे गेला की विटा तांबूस होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात जात असाल तर नदीची पातळी चढलेली असते आणि पूर अडवायला तिथे भिंत उभी करतात, त्यामुळे होडीतून दिसणारा देखावा बिघडतो. 2011 मध्ये हे देऊळ पाण्यात गेलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

तिकिटं वेगवेगळी न घेता सहा देवळांचं एकत्र तिकीट पहिल्याच खिडकीवर मागा. दर वाढत राहतात, रोख जरा जास्त ठेवा, आणि एटीएममधून एकदाच मोठी रक्कम काढा, परदेशी कार्डावर दर वेळी 200 बाथच्या वर शुल्क कापलं जातं.

शाकाहाराबद्दल तुम्ही विचारलंय. 'व्हेज' म्हणून उपयोग नाही, माशाचा सॉस तिथे मांसाहारात धरतच नाहीत. 'चे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात 17 सारखं दिसणारं अक्षर असतं, ते 'चे'चं दुकान. तिथे मांस, मासे, अंडं, दूध नाही, कांदा-लसूणही नाही, म्हणजे तुमच्या आईंची सोय झाली. दुसरा शब्द 'मांगसाविरात'. हा आपलाच 'मांसविरती', पण त्यात अंडं चालतं. साध्या ठेल्यावर 'माई साई नाम प्ला' म्हणा, माशाचा सॉस घालू नका. तरी कढई तीच असते, याची मनाची तयारी ठेवा. फारच कडक असाल तर थेपले-दशम्या बरोबर न्या.

आई-बाबांना एक नक्की सांगा: शहराचं नाव आपल्या अयोध्येवरून आहे, 1351 मध्ये शहर वसवणाऱ्या राजाने रामाथिबोदी हे बिरुद घेतलं, आणि बँकॉकच्या लांबलचक अधिकृत नावातही 'अयुथया' आहेच. माझ्या पाहण्यात, हे माहीत असलेली वडीलधारी मंडळी उन्हात कुरकुरत नाहीत.

परतताना स्टेशनवर जायच्या आधी रोटी साय माय घ्या. पातळ हिरवी-पांढरी पोळी आणि वेगळ्या पुडीत साखरेचे तंतू, आपल्या बुढ्ढी के बाल सारखे. मुस्लिम कुटुंबांची दुकानं आहेत, समोर पोळ्या भाजतात. गुंडाळून ठेवलेलं घेऊ नका, पोळी ओली पडते. दोन्ही वेगळं घ्या आणि गाडीत बसल्यावर खाताना गुंडाळा.