इनकॉग्निटोमध्ये घरगुती पिठाची गिरणी बघितली तरी त्याच जाहिराती मागे लागल्यात, ब्राउझर बदलला तर थांबतील का?

बऱ्यापैकी थांबतील. इनकॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोवर, मात्र भरवसा ठेवू नका. ती विंडो बंद केली की तुमच्या फोनवरची हिस्टरी आणि कुकीज (साइटनं फोनवर ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसल्या जातात, म्हणजे घरातल्यांना कळत नाही, एवढंच. साइटला तुम्ही दिसताच. त्यात तिथेच गुगल किंवा फेसबुकला लॉगिन केलं असेल तर विषयच संपला. इनकॉग्निटोतही माग काढतात म्हणून अमेरिकेत गुगलवर खटला झाला आणि 2024 मध्ये तडजोडीत इनकॉग्निटोतला साठवलेला डेटा नष्ट करायचं कंपनीला कबूल करावं लागलं.

खरी गोम थर्ड-पार्टी कुकीत आहे. 1994 मध्ये नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी काढली ती साइटला तुमची ओळख राहावी म्हणून, आणि तेवढ्यापुरती ती बिनधोक आहे. पण तुम्ही तासगावच्या बेदाण्याचे भाव बघता त्या पानावर एखाद्या जाहिरात कंपनीच्या कोडचा तुकडाही बसवलेला असतो आणि तोही आपली कुकी ठेवून जातो. त्याच कंपनीचा तुकडा बातम्यांच्या, रेसिपीच्या, क्रिकेटच्या साइटवर असतो. ती कुकी सगळीकडे वाचली जाते, आणि गिरणी तुमच्या मागोमाग फिरते.

सफारीने मार्च 2020 पासून या कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने 2019 मध्ये माहितीतले ट्रॅकर (असे माग काढणारे तुकडे) अडवायला सुरुवात केली, 2022 पासून कॉम्प्युटरवर प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवतो. ब्रेव्ह हा ब्राउझर तर पहिल्यापासूनच अडवतो. गुगलच्या क्रोमने 2020 मध्ये दोन वर्षांत बंद करू म्हटलं, तारखा पुढे ढकलत नेल्या आणि 2024 मध्ये तो बेतच सोडला. ज्यांचं पोट जाहिरातींवर चालतं, ते दुसरं काय करणार? क्रोमच वापरायचा असेल तर साइट सेटिंग्जमध्ये जाऊन थर्ड-पार्टी कुकीज स्वतः ब्लॉक करा.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी जोडणी, चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. म्हणून मी फोनवर फायरफॉक्स आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर टाकायला सांगतो.

आता एक वेगळंच. सांगलीच्या विश्रामबागेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ‘जाहिरातींनी फोन भरलाय’ म्हणून येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा त्रास ट्रॅकिंगचा नसतोच. हळदीचा दर किंवा पावसाचा अंदाज बघताना कुठल्यातरी पानावर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. मग रात्री-अपरात्री ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस’ अशी नोटिफिकेशन येत राहतात. लोक घाबरून फोन फॉरमॅट करायला आणतात! क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा, अनोळखी साइट काढून टाका, काम झालं.

ब्राउझरच्या हाताबाहेरचंही बरंच आहे. इन्स्टाग्राम किंवा खरेदीच्या ॲपमध्ये जे बघता त्याच्याशी ब्राउझरचा संबंध येत नाही. त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गुगलखालच्या ‘जाहिराती’त जाऊन ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) डिलीट करा. शिवाय स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन जुळवून कुकीशिवायही फोन ओळखता येतो. ते पूर्ण अडवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

ब्लॉकर लावल्यावर एखाद्या बँकेचं किंवा वीजबिलाचं पान अडकलं तर तेवढ्या साइटपुरता तो बंद करा, काढून टाकू नका.