फॉर्टिंगलला पहिल्यांदा जाताना

स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या या चिमुकल्या गावासाठी तुम्ही अर्धा दिवस राखून ठेवलात, हे उत्तम केलेत. नवखे प्रवासी चर्चच्या आवारातील प्राचीन यू वृक्षापुढे (यू म्हणजे एक सदाहरित वृक्ष) एकच अजस्र खोड शोधतात आणि हिरमुसतात. ती चूक टाळा. 1769 साली ज्याचा घेर पन्नास फुटांहून अधिक भरला होता, तो बुंधा आतून कुजून निरनिराळ्या खोडांत विभागला गेला आहे, आणि गाभ्याची वलयेच उरली नसल्यामुळे त्याचे नेमके वय सांगता येत नाही. कुंपणाशी थांबून सुयांसारख्या गर्द पानांकडे सावकाश पाहा. 2015 मध्ये या नर वृक्षाच्या एकाच फांदीवर लाल फळे धरली होती. आठवण म्हणून डहाळी मात्र कृपया तोडू नका, कारण अशा हौसेनेच त्याला इजा होते.

येशूला क्रूसाची शिक्षा सुनावणारा रोमन अधिकारी पाँटियस पायलेट येथे जन्मल्याची कथा ऐकायला मिळेल. तिला पुरावा नाही, तेव्हा तिच्यामागे वेळ दवडू नका. त्यापेक्षा जेम्स मॅक्लारेन यांनी आराखडे केलेली, गवताने शाकारलेली घरे पाहा. ग्लेन लायनची लांब दरी पुढच्या खेपेस ठेवा.