आधी नाव तीन लिपींत लिहून बघा, मग पाळण्यात घाला

मुलगी झाली, अभिनंदन! तुम्ही लिहिलंय की बायकोला ‘कियांशी’ आवडलंय, तुमच्या मनात ‘ऋतज्ञा’ आहे आणि आज्जी ‘सातेरी’वर हटून बसल्यात. बारसं आठवड्यावर आलंय, जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी आहे. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षं शिकवलं. पहिलीत येणाऱ्या पोरांची नावं जनरल रजिस्टरला चढवायचं काम बहुतेक वर्षी माझ्याकडंच असायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ऋतज्ञा’पासून सुरुवात करते. अर्थ फार सुंदर आहे, ऋत म्हणजे सत्य, ते जाणणारी. पण आपल्या भागात या नावाचं काय होईल ते बघा. आपण मराठीत म्हणणार ‘रुतद्न्या’. कन्नड सर हजेरी घेताना ‘ज्ञ’चा उच्चार ‘ग्न’च्या जवळ नेणार. उद्या पोरगी शिकायला उत्तरेत गेली की ‘रितग्या’ होणार. आणि इंग्रजीत? आर-यू की आर-आय? डी-एन-वाय, जे-एन की जी-एन? एका नावात दोन अक्षरं अशी, की प्रत्येक टेबलावरचा माणूस ती आपल्या कानाप्रमाणं लिहिणार.

माझ्या वर्गात एक ज्ञानदा होती. हुशार पोर, पाढे तोंडपाठ. सातवीनंतर ती हायस्कूलला गेली आणि दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी तिचे वडील प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदं घालून माझ्या दारात आले. ओट्यावर बसून एकेक कागद पसरला. जन्मदाखल्यावर जे-एन, आधारवर जी-एन, आमच्या शाळेच्या दाखल्यावर डी-एन-वाय, आणि कन्नडात शेवटचा काना गायब. म्हणजे कन्नड अक्षरांत ती ‘ज्ञानद’ झालेली. ते म्हणाले, “बाई, पोरगी एकच आहे, पण कागदावर चार झाल्यात.” भाताची लावणी सोडून ते कितीदा तालुक्याला गेले, मला माहीत आहे. डी-एन-वाय मीच लिहिलं होतं, मराठी उच्चाराला धरून. तेव्हा जन्मदाखला मागून घेऊन त्यावरचं अक्षर जुळवून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही, ही खंत मला आजही आहे.

हा शेवटचा काना आपल्याकडच्या मुलींना फार नडतो. कन्नडात मुलींच्या नावातला शेवटचा आ आणि ई पुष्कळदा ऱ्हस्व लिहितात, गीताचं ‘गीत’, पार्वतीचं ‘पार्वति’. त्यांच्या भाषेच्या रीतीनं ते बरोबरच आहे, लिहिणाऱ्याचा त्यात दोष नाही. पण ‘स्वरा’चं ‘स्वर’ आणि ‘आर्या’चं ‘आर्य’ झालं की मुलगी की मुलगा इथपासून प्रश्न. मुलांच्या नावाची गोष्ट उलटी. आपण ‘प्रसाद’ लिहितो आणि शेवटचा द अर्धा म्हणतो. कन्नडात तसं म्हणायचं तर द चा पाय मोडावा लागतो, नाहीतर ते पूर्ण ‘प्रसाद-अ’ वाचतात आणि तिथून इंग्रजीत शेवटी एक जादा ए चिकटतो. तसंच त चं. दक्षिणेत त साठी टी-एच लिहायची पद्धत आहे, त्यामुळं आपली सविता, आरती, स्वाती सहज टी-एचवाल्या होतात. इंग्रजी स्पेलिंग ‘त्यांना कळतंय की’ म्हणून सोडून देऊ नका.

आता ‘कियांशी’. बायकोचं मन मोडू नका, नाव कानाला गोड आहे हे खरं. पण अर्थ कुठून घेतला ते विचारा. नेटवरच्या याद्यांत ‘अंश’ जोडून रोज नवी नावं तयार होतात आणि पुढं काहीतरी देवाचा अर्थ लिहिलेला असतो. ‘शिवांश’ ठीक आहे, शिव आहे आणि अंशही आहे. पण ‘रेयांश’ म्हणजे विष्णूचा अंश असं छापतात, आणि विष्णुसहस्रनाम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं तरी त्यात ‘रेय’ नाही. अनघ आहे, अमोघ आहे, सुव्रत आहे, वरद आहे. हजार नावांत इतकी देखणी आणि कमी वापरातली नावं पडून असताना अर्थ नसलेलं नाव कशाला घ्यायचं, असं मला मनापासून वाटतं. उद्या पोरगी विचारेल, आई, माझ्या नावाचा अर्थ काय? सहा-सात वर्षांची झाली की सगळीच विचारतात. वर्गात मी अर्थ लिहून आणायला सांगायचे, तेव्हा कोरी वही घेऊन आलेल्या पोरांचे चेहरे मला आठवतात.

वेगळं नाव ठेवायची हौस आजचीच आहे असंही नाही. आपल्या आज्जा-पणज्यांत दगडू, धोंडू, केरू, कचरू होते. आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचे, दृष्ट लागू नये, सटवाईला हे टाकाऊ वाटावं म्हणून. शेजारच्या कन्नड घरांत तेच. कल्लाप्पा कुणी कलमेश्वराच्या नावानं ठेवतं हे खरं, पण कल्लु म्हणजे दगडच. तिप्पे म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पाण्णा. भाषा दोन, पण आईबापाची भीती एकच होती. त्या नावांची मला कधी लाज वाटली नाही, त्यात लेकरू जगावं हीच तळमळ होती.

‘नकुसा’चं मात्र तसं नाही. नको असलेली, एवढाच त्याचा अर्थ. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत घरातली तिसरी मुलगी पहिलीत आली, नाव नकुसा. जन्मदाखल्याची सक्ती तेव्हा आजच्यासारखी नव्हती. मी वडिलांना म्हटलं, हे नाव मी रजिस्टरला लिहिणार नाही, दुसरं सांगा. ते गप्प. मग पोरीलाच विचारलं, तुला कुठलं आवडतं? तिनं शेजारी बसलेल्या वंदनाकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, “हिचं.” त्या वर्षी माझ्या वर्गात दोन वंदना होत्या. पुढं 2011 साली साताऱ्यात अशा 285 मुलींची नावं सरकारी समारंभ करून बदलली, ती बातमी वाचताना मला तीच आठवली.

भटजींनी अक्षर दिलं असेल तर त्याचाही ताण घेऊ नका. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून 108 अक्षरं. हस्ताला पू, ष, ण, ठ येतात आणि आर्द्रेला कु, घ, ङ, छ. ण किंवा ङ वरून कुणी काय नाव ठेवणार? म्हणून तर नावरस नाव पत्रिकेत आणि हाक मारायचं नाव वेगळं ही रीत जुनीच आहे.

आता आज्जींचं ‘सातेरी’. खरं सांगते, तीन नावांत मला हेच सगळ्यांत वेगळं वाटतं. खानापूर, चंदगड, गोव्याच्या बाजूला सातेरी देवीची देवळं आहेत, पण आजच्या पहिलीच्या हजेरीत हे नाव सापडणं कठीण. यात ऋ नाही, ज्ञ नाही. मराठीत, कन्नडात, इंग्रजीत जवळजवळ एकच उच्चार. फक्त शेवटची ई कन्नडात ऱ्हस्व होईल, त्यानं काही बिघडत नाही. सासूबाईंनी सुचवलं म्हणून जुनं, असं बायकोला वाटत असेल तर तिला आपल्या तालुक्याकडंच बघायला सांगा. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या रानात. शेजारच्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा यल्लाप्पा जाधव 2018 च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्या खेळात, कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा ते पूर्ण नाव मी पेपरात दोनदा वाचलं. मुलीचं नाव आपल्या नदीचं, वडिलांचं नाव सौंदत्तीच्या यल्लम्माचं आणि तेही कन्नड ‘अप्पा’ लावून, आडनाव मराठी. आपण इथले कोण आहोत ते एका ओळीत आलं.

कागदाचं थोडक्यात. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती दवाखान्यातून झालीच असेल. नाव घालायला बारा महिने फी लागत नाही, पुढं पंधरा वर्षांपर्यंत उशिराची फी भरून घालता येतं. पण थांबू नका. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदारयादी, लायसन, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. त्यात चुकलं तर ते पुढं सगळीकडं चुकत जातं. लिहिताना झालेली चूक जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्त होते, पण त्यासाठी खेपा घालाव्या लागतात.

मी असं करायला सांगेन. एका कोऱ्या कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव मोठ्या अक्षरात मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून न्या. तोंडी सांगू नका, कागद समोर ठेवा. आडनाव सुटलं नाही ना, त्याचं नुसतं आद्याक्षर झालं नाही ना, ते बघा. छापायच्या आधी एकदा वाचून दाखवायची विनंती करा. आम्हाला तरी कुणी कधी नाही म्हटलं नाही.

बारशाचं तुम्हाला मी काय सांगणार? वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून “गोविंद घ्या, गोपाळ घ्या” होईल, आत्या कानात कुर्र करेल आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतील. त्याच्या आदल्या दिवशी एक करा. बायकोला मागच्या परड्यात उभं करा, तुम्ही पुढच्या दारातून तिन्ही नावांनी एकेक हाक मारा. शेजारणीला न विचारता तिला कुठलं नाव नीट ऐकू गेलं, ते बघा. गल्लीत सगळे विचारणारच, “नाव काय ठेवलासा?” ते सांगताना दोनदा फोड करून सांगावं लागू नये.

ठरलं की इथं लिहा. कन्नडात कसं लिहायचं ते अडलं तर मी लिहून देते.