फटी गोंदामुळे नाही, ओल्या लाकडामुळे पडल्यात

ताई, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेल्या तुमच्या हळद्या पक्ष्याच्या चित्राचे फोटो बघितले, आणि सांध्यात फट का पडली हा प्रश्नही वाचला. फणसाचं अंग, शिसवीचे पंख, सागवानाची फांदी, कुठेही रंगाचा थेंब नाही. जुलैत चिकटवला आणि दिवाळीनंतर पंख नि अंग यांच्या सांध्यात नख जाईल एवढी फट पडली. त्यावर इथे बहुतेकांनी गोंद बदलायला सांगितलंय. मला ते पटत नाही. गोंद सुटला असता तर तुकडा हलला असता. तुमचा तुकडा घट्ट आहे, फक्त अरुंद झालाय. माझ्या धनेश पक्ष्याच्या अशाच चित्राचं अगदी हेच झालं होतं. मी पेशाने सुतार नाही, पण या एका दुखण्याचं मूळ मी पुरतं खणलंय.

लाकूड तंतूंच्या रेषेच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत रुंदीत पाचेक टक्के कमी होऊ शकतं. कोकणातून आलेलं लाकूड तुमच्या नागपूरच्या घरात गेलं की हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्यात ते पाणी सोडत राहणार. म्हणजे तुमची फट अजून वाढायची आहे.

आता मला ज्याने सगळ्यात जास्त खर्चात घातलं ते सांगतो. नाव घेत नाही, पण आमच्या भागातली नावाजलेली वखार आहे. ‘सीझन केलेलं’, म्हणजे नीट सुकवलेलं, म्हणून जास्तीचा भाव लावून शिसवीची जाड फळी दिली. वरून खडखडीत, आतून ओली. धनेशाचं चित्र एका शाळेच्या वाचनालयासाठी होतं, आणि थंडी पडल्यावर भिंतीवरच्या चित्रात फटींतून मागचा प्लाय दिसायला लागला. उरलेले तुकडे घेऊन वखारीत गेलो तर उत्तर काय, तर ‘लाकूड जिवंत असतं साहेब, हलणारच’. पावती काढली तर तीवर नुसतं ‘किरकोळ लाकूड’. ना जात, ना सुकवल्याचा उल्लेख. मालक भेटेना, मुनीम मालकाकडे बोट दाखवी. शाळेला पूर्ण चित्र मी पदरच्या खर्चाने पुन्हा करून दिलं. आजही राग आहे, कारण त्यांना फळी ओली आहे हे माहीत होतं आणि सुकवल्याचे पैसे त्यांनी मोजून घेतले.

म्हणून माझा हट्ट: वखारीचा शब्द प्रमाण मानू नका. ओलावा मोजायचा मीटर नसला तरी चालतो. फळीच्या टोकाचा नको, टोक आधी सुकतं. मधला पातळ तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर ठेवून अधूनमधून तोलत राहा. वजन उतरायचं थांबलं की तो कोरडा झाला. समजा 100 ग्रॅमचे 86 झाले, तर 14 भागिले 86, म्हणजे सुमारे 16 टक्के पाणी. हे नागपूरसाठी फार आहे. मी 10-12 टक्क्यांच्या वरचं लाकूड चित्राला घेत नाही. (ओव्हनजवळ बसून राहा, लाकूड करपू देऊ नका.) चित्राचे तुकडे आधी ढोबळ कापून, मध्ये काड्या घालून, घरातच पंख्याच्या वाऱ्यात रचून ठेवा आणि वजन स्थिर झाल्यावरच बारीक आकार द्या. उतावीळ माणसाला हे जमत नाही, पण दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

चिकटवताना तुकडा तुकड्याला चिकटवू नका. प्लायला मधोमध गोंद, कडा मोकळ्या. पंख एका रुंद फळीचा न करता पिसांचे अरुंद तुकडे करा. आकसणं तेवढंच राहतं, पण सगळ्या सांध्यांत वाटलं जातं. कडा गोलसर घासल्या तर केसाएवढी फट सावलीत मिसळते. शिसवीचा भुगा फणसात घुसून डाग पाडतो, म्हणून दोन्ही वेगळे घासा आणि जोडण्याआधी फिक्या लाकडाला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या. मास्क लावाच, शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते.

रंगाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. फणसाचा पिवळा उजेडात हळूहळू तपकिरी-सोनेरी होतो. चोचीचं पाडौक नावाचं लाल लाकूडही पुढे विटकरी, मग तपकिरी होतं. तुमच्या हळद्याचंही हे थोडं होणारच. चित्र खिडकीसमोर नको. आणि नागपुरात आहात म्हणून बजावतो, कूलरच्या झोताच्या वाटेवर तर मुळीच नको. मे महिन्यात एकीकडे कोरडी हवा नि दुसरीकडे ओला झोत, यात कुठलाच सांधा टिकत नाही. आणि लाल रंगासाठी रक्तचंदन कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात लावू नका, ते चोरट्या तोडीचं असू शकतं.

हे चित्र परदेशातल्या भावाला पाठवायचं लिहिलंय, त्यावर एक. शिसवीच्या गटातल्या जवळजवळ सगळ्या जाती 2017 पासून साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. 2019 मध्ये 10 किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट मिळाली, तरी त्या देशाचे नियम भावाला आधी बघू द्या आणि लाकडाची जात लिहिलेली पावती जपून ठेवा. पावती ही अशी वखारीशी भांडतानाही आणि चित्र बाहेर पाठवतानाही उपयोगी पडते.

सध्याच्या फटीत कडक पुट्टी भरू नका. आत्ता भरलीत तर पावसाळ्यात लाकूड फुगून तुकडा वर उचलला जाईल. मधमाशीचं मेण वितळवून त्यात शिसवीचा बारीक भुगा घाला, कोमट असताना बोटाने दाबा, जास्तीचं कापडाने पुसा. मेण दबतं, सरकतं, आणि पुढे पंख नवा बसवायचा ठरला तर खरवडून निघतंही.