जेवण एकच, पण रक्तातले शिसे कमी-जास्त का?

प्रश्न : शेतात कारखान्याचे सांडपाणी येते. तपासणीत घरातल्या सगळ्यांच्या रक्तात शिसे निघाले, पण पत्नी आणि लहान मुलीत ते जास्त आहे, हिमोग्लोबिनही कमी आहे. असे का? त्यांना काय खाऊ घालावे?

उत्तर : फरक आतड्यात पडतो. शरीरात लोह कमी पडले की आतडे ते जास्तीत जास्त ओढून घेऊ लागते आणि त्याच वाटेने शिसे व कॅडमियम हा दुसरा विषारी धातूही आत येतात. पाळी आणि बाळंतपणामुळे बायकांमध्ये लोह बहुधा कमी असते. लहान मुलांचे आतडे तर मुळातच मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषते. रक्तातले जवळपास सगळे शिसे तांबड्या पेशींत जाते. ते हिमोग्लोबिन तयार होण्याच्या कामात अडथळा आणते. जिथे लोह बसायचे, तिथे जस्त बसते. म्हणजे लोह कमी म्हणून शिसे जास्त आणि शिसे जास्त म्हणून रक्त आणखी कमी.

कोणीही उपाशीपोटी शेतात जाऊ नये. रिकाम्या पोटी शिसे कितीतरी पट जास्त शोषले जाते, आणि ही गोष्ट बिनखर्चाची असूनही फार कमी लोकांना माहीत आहे. दूध-दही द्या, पुरेसे कॅल्शियम असले की शिसे कमी शोषले जाते. लोहासाठी डाळी, पालेभाज्या आणि सोबत आंबट फळ. मात्र पालेभाज्या आणि कंदमुळे या शेतातली नकोत. त्यांच्यावर दूषित माती चिकटते आणि पानांत कॅडमियमही साठते. माती आम्लधर्मी असेल तर परीक्षणानंतर चुना टाका, म्हणजे पिकात कॅडमियम कमी जाईल.

हाडांत आधीच साठलेले शिसे आहाराने निघत नाही. म्हणून शेतात येणारे ते सांडपाणी आजच बंद करा आणि दोघींना डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्याही त्यांनाच विचारून द्या.

प्रश्न : गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना दिले. काही महिन्यांनी दोन मेंढ्यांना लाल लघवी झाली, डोळे पिवळे पडले आणि त्या मेल्या.

उत्तर : लक्षणे तांब्याच्या विषबाधेची दिसतात. गाईंच्या मिश्रणातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते, मग एकदम रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी फुटतात. चाऱ्यात मॉलिब्डेनम (एक खनिज) आणि गंधक कमी असले की तांबे लवकर साठते. मिश्रण थांबवा. उरलेल्या मेंढ्या वरून धडधाकट दिसल्या तरी पशुवैद्यकाकडून त्यांचे रक्त तपासून घ्या. तोवर त्यांना पळवू नका, लांबचा प्रवास घडवू नका. अशा ताणानेच तांबे रक्तात उतरते.